मांदेलीच्या पेटीतलं रक्त

माणूस आणि जनावर यांच्यात खरा फरक किळसेचा आहे. अक्कल डुकरालाही असते, माया कुत्रीलाही असते, राजकारण तर माकडंसुद्धा करतात. पण नाक शिंकरलेल्या हाताने कुणी पेढा पुढे केला तर तो नाकारण्याची ताकद फक्त मनुष्याजवळ आहे, आणि संस्कृतीची पहिली पायरी हीच होय. हा विचार मी झरीतल्या आमच्या घराच्या ओट्यावर उभा राहून बायकोला समजावून सांगत होतो. तेवढ्यात आमची तांबडी कोंबडी आली, माझ्या नुकत्याच धुतलेल्या पायावर शिटली, आणि पहिली पायरी उतरून अंगणात निघून गेली.

"झालं बोलून?" पुष्पाने विचारलं. "आता पाय धुवा."

"साबण कुठाय?"

"तुम्हीच संपवलात. चार दिवसांत एक वडी लागते तुम्हाला. मी काय साबणाची शेती करू?"

मी देवजी वरठा. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं मास्तर होतो. चौतीस वर्षं मी पोरांची वाहती नाकं, चोखलेल्या पेन्सिली आणि थुंकी लावून पुसलेल्या पाट्या पाहिल्या. तेव्हापासून मला माणसांची किळस येते. लोकांना वाटायचं गुरुजी शिस्तीचे आहेत, म्हणून लांब उभे राहतात.

गेल्या वर्षी माझं लिव्हर संपलं. जुनी कावीळ अंगात दबा धरून बसली होती, तिने आतून खाल्लं. गावाने मात्र 'गुरुजी चोरून पीत होते' असं एकमताने ठरवलं. मी आयुष्यात ताडीचा थेंब घेतलेला नाही. त्यामागे तत्त्व वगैरे काही नाही. लहानपणी मी एकदा ताडीच्या मडक्यात तरंगणाऱ्या माश्या मोजल्या होत्या. एकोणीस होत्या. त्यातली एक पोहत होती.

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, नवं लिव्हर लागेल, आणि घरच्या कुणी आपल्यातलं अर्धं दिलं तर लवकर होईल. पुष्पाला साखरेचा आजार, तिचं चालेना. मग माझी धाकटी बहीण जिवली पुढे आली.

जिवली चिंचणीला दिलेली. आधी मासळी सुकवण्याच्या कामावर मजुरीला जायची, बोंबील दोरीवर टांगायची. मग स्वतःच धंदा धरला. पहाटे चिंचणीला बोटीवरचा माल घ्यायचा, बर्फाच्या पेटीत भरायचा, आणि कधी डहाणूच्या तर कधी तलासरीच्या बाजारात विकायचा. ती यायच्या आधी तिचा वास येतो. ती गेल्यावर तो उरतो. लहानपणी मी तिला खांद्यावर घेऊन नदी ओलांडायचो. ती मासळी विकायला लागली तेव्हापासून मी तिच्याशी बोलायला अंगणात जातो, आणि वारा कुठून येतो ते आधी पाहतो.

डॉक्टरांनी तिला धोके समजावून सांगितले. ती बोलली, "सगळा नको ना? अर्धाच ना? मग घ्या. बाजारात पण मी अर्धा वाटा देतेच."

अशा रीतीने जिवलीचा अर्धा वाटा माझ्या पोटात आला. तिचा तिकडे परत वाढला, माझा इकडे वाढला. पोटावरचा तिचा व्रण ती बाजारात पदर बाजूला करून बायकांना दाखवते. बायका डोळ्यांना पदर लावतात आणि मांदेलीचा एक वाटा जास्त घेतात. मला हे कळलं तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नाही.

आता पुढचं नीट सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच आहे.

आपल्या रक्तात काही पहारेकरी पेशी असतात. परकं काही दिसलं की त्या धावून जातात. त्यांच्या लेखी जिवलीचं लिव्हरही परकंच. सख्खी बहीण वगैरे त्यांना कळत नाही. म्हणून मला जन्मभर गोळ्या घ्यायच्या, त्या या पहारेकऱ्यांना पेंगत ठेवतात. जास्त पेंगले तर साध्या खोकल्याने मी मरेन. फार जागे झाले तर ते माझंच लिव्हर फाडतील. म्हणून महिन्यातून एकदा ते किती जागे आहेत हे तपासायचं. रक्त नळीत घेतात, मुंबईला नेतात, त्या पेशींना औषधाचा एक चिमटा काढतात, आणि त्या किती उसळतात ते मोजतात. मला हे लगेच समजलं. शाळा तपासायला आलेले साहेब मागच्या बाकावर छडी आपटून किती पोरं दचकतात ते बघायचे, तसंच हे.

अट एकच. त्या पेशी मुंबईला पोचेपर्यंत जिवंत आणि धडधाकट पाहिजेत. उन्हात ठेवायचं नाही, बर्फातही ठेवायचं नाही. घरात असतो तेवढाच गारवा. तसं लिहिलेला इंग्रजी कागद हॉस्पिटलने दिलेल्या पांढऱ्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला होता.

बाकीच्या सूचना दुसऱ्या कागदावर, माझ्यासाठी होत्या, आणि त्या वाचून मला गहिवरून आलं. गर्दीत जाऊ नये. दुसऱ्याच्या उष्ट्या भांड्यातून खाऊ-पिऊ नये. हस्तांदोलन टाळावं. कोंबड्या, गुरं यांच्यापासून लांब राहावं. खोकणाऱ्यापासून उठून जावं. इतकी वर्षं जे मी शिष्टपणा म्हणून ऐकून घेतलं, ते आता मोठ्या डॉक्टरांच्या सहीशिक्क्यासह माझ्या हातात होतं. कुणी चहाच्या कपात अंगठा बुडवून कप पुढे केला की मी तो कागद दाखवायचो. पानाची पिंक टाकून कुणी गळ्यात पडायला आलं की कागद. सरपंचांनी माझा सत्कार ठेवला, तिथे दोनशे माणसं एका ग्लासाने पाणी पीत होती. मी कागद पाठवून दिला. सत्कार कागदाचाच झाला.

एकाच बाबतीत कागद चालेना. जिवलीने ऑपरेशनच्या आधी गावदेवाला नवस बोलला होता: दादा उठला तर आपली सगळी भावकी त्याच्यासोबत एका परातीत जेवेल. एक परात, त्यात भात, त्यावर कोंबडीचा रस्सा, आणि गोल बसलेली बावीस माणसं. चव्वेचाळीस हात नव्हे, बावीसच. पण त्या बावीस हातांची मला नखानिशी ओळख होती.

"डॉक्टर नको बोलतात," मी सांगायचो.

"डॉक्टर बोलेल तेव्हा जेवू," जिवली बोलायची. "देवाला घाई नाय. मला हाय, पण मी थांबते."

महिने गेले. आणि मग कोंबडीचं प्रकरण झालं.

तांबडी कोंबडी खुडूक झाली आणि हॉस्पिटलच्या पांढऱ्या पेटीत जाऊन बसली. आत नऊ अंडी. रक्त द्यायला डहाणूला जायच्या दिवशी, सोमवारी सकाळी मी हे पाहिलं. पेटीच्या कडेने जे वाळलं होतं त्याचं वर्णन करत नाही.

"उठव तिला," मी नाक धरून पुष्पाला म्हणालो.

"अंड्यांवरून उठवू? पाप लागेल. तुम्हाला एक पेटी मिळाली, तिला नऊ पोरं व्हायचीत."

"अगं, माझ्या जिवाचा प्रश्न आहे!"

"तिच्या नऊ जिवांचा आहे," पुष्पा म्हणाली, आणि मतदान संपलं.

डहाणूला बाजारापासून जवळच प्रविणची छोटी लॅब आहे. पोरगा माझा विद्यार्थी. लॅबचं दार मी कोपराने ढकलतो. त्याने रक्त काढलं, नळ्या पिशवीत घातल्या, चिठ्ठीवर माझं नाव लिहून पिशवीला लावली, आणि विचारलं, "गुरुजी, पेटी?"

पेटीत कोंबडी बसली आहे हे सांगायला मला लाज वाटली. तेवढ्यात जिवली दारात आली. बाजार लवकर उरकला होता. डोक्यावर रिकामी पेटी, निळी, जाड, झाकणाची.

"माझी घे की. आता धुवून आणलीय नळावर."

वास आला. मी उठून खिडकीशी गेलो.

"आणि मीच नेते चारोटीला," ती बोलली. "माझा टेम्पो तिकडनंच जातो. हॉस्पिटलची गाडी येते ना तीन वाजता नाक्यावर? देते त्यांच्या हातात."

प्रविणने नळ्या तिच्या पेटीत ठेवल्या. तो म्हणाला, "गुरुजी, ताईंना ते कागदावरचं सांगा हां, मी दुसरा पेशंट बघतो." आणि आत गेला.

कागद झरीला, कोंबडीच्या पेटीत. मला तो पाठ होता. जिवली माझ्यापासून चार हातांवर उभी होती. मी खिडकीतूनच म्हणालो, "नीट ने."

"म्हणजे कशी?"

मी खरं तर सांगणार होतो. पण तिने उत्तर ऐकायला दोन पावलं पुढे टाकली, आणि सकाळच्या मांदेलीचा वास अंगावर आला. मी नाकाला रुमाल लावून म्हणालो, "तुझा माल नेतेस तशीच ने."

जिवलीचा चेहरा फुलला. आयुष्यात पहिल्यांदाच मी तिच्या धंद्याचं कौतुक केलं होतं.

बुधवारी हॉस्पिटलमधून फोन आला. तिथल्या कविता मॅडम आमच्यासारख्या रुग्णांची देखरेख करतात. आवाज गोड, बातमीही गोडच होती.

"सर, तुमच्या पेशी फारच पेंगल्यात. चिमटा काढला तरी हलत नाहीत. म्हणजे गोळ्या तुम्हाला जास्त होतायत. डॉक्टरांनी निम्म्या करायला सांगितल्यात. दोन-दोन घेता ना? आजपासून एक-एक. दोन आठवड्यांनी परत बघू."

जिवलीला पुष्पाने कळवलं. अर्ध्या तासात तिचा फोन.

"दादा! गोळ्या अर्ध्या म्हणजे आजार अर्धा! या नाय, पुढच्या रविवारी जेवण ठेवते. कोंबडी तुमचीच घेऊ, ती तांबडी."

"ती अंड्यांवर आहे."

"मग मी आणते. परात धोंडीकाकांकडं हाय, मोठी."

धोंडीकाकांची परात मला माहीत होती. त्यात ते गुरांची पेंड कालवतात.

मी कविता मॅडमना फोन करून विचारलं, गोळ्या निम्म्या झाल्या तरी गर्दीत जेवायला मनाई आहे ना? त्या हसल्या. "गरम गरम असेल तर थोडंसं चालेल आता, सर. तुमचंही मन मोकळं होईल." मी म्हणालो, माझं मन मोकळंच आहे, तेच तर मला जपायचंय. त्यांना ते कळलं नाही.

पुढचे दिवस मी रविवारच्या भीतीत काढले. रात्री जेवताना डोळ्यासमोर ती परात यायची. धोंडीकाका जेवताना बोटं कोपरापर्यंत चाटतात. त्यांचा नातू शिंकतो आणि मग हात घालतो. हिरूभाऊंची मिशी रस्सा आधी स्वतः पिते आणि मग हळूहळू परत सोडते. मला भूकच लागेना. सोमवारी तळहातांना खाज सुटली. मी पुष्पाला म्हणालो, नवा साबण हलक्या प्रतीचा आहे. लघवीही जरा चहासारखी दिसली. मी तिकडे फार वेळ पाहिलं नाही. स्वतःचीसुद्धा किळस येते, त्यात दुजाभाव नाही.

मंगळवारी दुपारी प्रविणचा भाऊ ती निळी पेटी परत देऊन गेला. हॉस्पिटलच्या गाडीने लॅबवर आणून टाकली होती. पुष्पाने ती ओट्यावर ठेवली आणि पाणी आणायला गेली.

मी लांबूनच पाहत होतो. पेटीच्या झाकणावर हॉस्पिटलने मोठा पिवळा कागद चिकटवला होता: काळं, तीन शिंगांचं चिन्ह आणि खाली लाल अक्षरांत 'मानवी रक्त. धोका'. मग वास आला. चुलीतल्या लाकडाने मी झाकण उघडलं. आत मुंबईने परत केलेली रिकामी पिशवी होती, आणि पिशवीला एक खवला चिकटलेला होता. लहान, चंदेरी, मांदेलीचा. माझ्या रक्ताच्या पिशवीला!

माझ्या अंगावर काटा आला. त्याच क्षणी मनात तक्रार अर्जाची पहिली ओळही तयार झाली. मी चष्मा लावला, नाकाला रुमाल बांधला आणि पुरावा गोळा करायला वाकलो. पिशवीला लावलेली माझ्या नावाची चिठ्ठी अजून होती. तिच्यावरची शाई पसरली होती. 'देवजी'चा फक्त 'दे' उरला होता.

मास्तराला शाई कळते. पावसात भिजलेली वही आणि घामाने भिजलेली वही मी डोळे मिटून ओळखतो. चिठ्ठी खालून वर भिजत गेली होती, म्हणजे पिशवी पाण्यात उभी होती. रिकाम्या पेटीत पाणी आलं कुठून?

मी रुमाल सोडला आणि जिवलीला फोन लावला.

"जिवली, गेल्या आठवड्यात सोमवारी, रक्त नेलंस तेव्हा, पेटीत काय घातलं होतंस?"

"काय घालणार? बर्फ!" ती अभिमानाने बोलली. "नुसता खडा नाय, चुरा. वीस रुपयांचा. वर-खाली थर दिला, पापलेटाला देतात तसा. एवढ्या उन्हात तुझं रक्त तसंच नेऊ? तूच बोललास, माल नेतेस तशी ने."

"आणि चारोटीला?"

"पाणी झालेल्या बर्फातला माल कोण घेतो? गाडी दिसली तसा सगळा बर्फ काढून टाकला, पदराने पुसून दिला. डायव्हर बोलला, ताई, एकदम टकाटक."

मी ओट्यावर बसलो. कोंबडी जिथे शिटते तिथेच बसलो, हे नंतर कळलं.

माझे पहारेकरी पेंगत नव्हते, गारठले होते. पाच तास बर्फात झोपवलेल्या शिपायाला मुंबईत चिमटा काढला, तो कसा उठणार? तो उठला नाही म्हणून माझ्या गोळ्या निम्म्या झाल्या. आणि इकडे, घरी, माझ्या अंगातले खरे पहारेकरी सहा दिवस निम्म्या गोळ्यांवर डोळे चोळत उठत होते, आणि त्यांना पहिली परकी गोष्ट जी दिसत होती ती जिवलीची होती.

तळहाताची खाज साबणाची नव्हती.

"दादा? काय झाला? खराब झाला काय रक्त?"

मी तिला सांगितलं. सोपं करून सांगितलं, जसं तिसरीच्या वर्गाला सांगतो. मागे कुणीतरी बोंबलांचा भाव विचारत होतं.

"म्हणजे मीच दिलेला मीच मारला?" ती बोलली. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. तिचा आवाज बाजाराचा आहे, तो खाली येत नाही.

"अजून मेला नाही," मी म्हणालो. "आणि तू नाही. मी सांगायला हवं होतं, मी खिडकीत उभा होतो."

"खिडकीत कशाला?"

याला उत्तर होतं, पण ते फोनवर देण्यासारखं नव्हतं. समोरासमोर तर नव्हतंच.

कविता मॅडमना मी सगळं सांगितलं. खवल्यासकट. त्या म्हणाल्या, "सर, आत्ता दोन गोळ्या घ्या. मी डॉक्टरांना विचारून लगेच फोन करते. तुमची लघवी कशी होतेय?" मला हा प्रश्न बायकोसमोर आवडला नाही, पण मी सांगितलं. दहा मिनिटांत त्यांचा फोन आला: गोळ्या पूर्वीसारख्या, वर चार दिवस आणखी एक जोरदार गोळी, आणि उद्या सकाळी परत रक्त; लिव्हरचं वेगळं, पेशींचं वेगळं. "आणि सर, बर्फ नको."

बुधवारी सकाळी मी डहाणूला पोचलो तर जिवली लॅबच्या पायरीवर आधीच बसलेली. त्या दिवशी तिने माल घेतला नव्हता. आदल्या संध्याकाळी पुष्पाने टेम्पोने तिच्याकडे पाठवलेली तीच निळी पेटी, आत काही नाही. पिवळा कागद अर्धवट खरवडलेला. साबणाने अंग घासून आली होती. मासळीचा वास तसाच, त्यावर मोगऱ्याचा. दोन्ही मिळून जे झालं होतं त्याला आमच्या भाषेत शब्द नाही.

प्रविणने रक्त काढलं. जिवली माझ्या हाताकडे पाहत राहिली.

"घरातल्याइतका गार म्हणजे कुणाच्या घरातल्याइतका?" तिने प्रविणला विचारलं. "माझा घर पत्र्याचा हाय."

"गुरुजींच्या घरातल्याइतका, ताई. कौलांचा."

"मग ठीक."

या वेळी मीही चारोटीला गेलो. टेम्पोत पुढच्या सीटवर ड्रायव्हर, मी आणि जिवली, आणि तिच्या मांडीवर पेटी. ड्रायव्हर तंबाखू मळून दर दोन मैलांना खिडकीबाहेर थुंकत होता, आणि वारा आत येत होता. मी मास्क वर ओढला. उजवीकडे थुंकी, डावीकडे जिवली. मी डावीकडे सरकलो. हा माझ्या आयुष्यातला मोठा निर्णय होता आणि तो कुणाच्या लक्षातही आला नाही.

नाक्यावर दोन तास थांबायचं होतं. ऊन पेटलेलं. जिवली वडाखाली बसली, पेटी सावलीत ठेवली, झाकण जरा उचलून आत हात घातला.

"काय करतेस?"

"बघते, गरम झाला काय."

"हात लावू नको, जिवली."

"पिशवीला नाय लावत. हवेला लावते." थोड्या वेळाने ती बोलली, "दादा, एक विचारू? माझा वास येतो म्हणून खिडकीत गेलेलास ना?"

ट्रक जात होते. मी एकाचा नंबर वाचला, मग दुसऱ्याचा.

"हो," मी म्हणालो.

"मला पण येतो," ती बोलली. "लग्न झाला तेव्हा मी महिनाभर ओकत होते. मग नाक मेला. तुझा नाक चांगला हाय, म्हणून वाचलास. खवला वासानेच सापडला ना?"

मी हो म्हणालो.

"मग काय तर," ती बोलली, आणि परत हवेला हात लावून बघितलं.

गाडी आली. ड्रायव्हरने पेटी घेतली, हुंगली आणि तोंड फिरवलं. "ताई, आज पण तीच?" जिवलीने त्याला बजावलं, "एसीच्या तोंडापुढं ठेवू नको. घरातल्याइतका पाहिजे. कौलांच्या."

शुक्रवारी संध्याकाळी निकाल आला. पेशी जाग्या होत्या. चिमटा काढताच उसळल्या, जरा जास्तच. लिव्हरचे आकडे वाढलेले, पण पुन्हा उतरू लागलेले. "वेळेत कळलं, सर," कविता मॅडम म्हणाल्या. "आणखी आठवडा गेला असता तर तुम्हाला इथे दाखल करावं लागलं असतं, आणि मग काय झालं असतं मी सांगू शकत नाही. आता गोळ्या पूर्ण. आणि सहा महिने गर्दीचं जेवण बंद. एका भांड्यातलं तर अजिबात नाही."

मी फोन ठेवला. कागद परत माझा झाला होता. परात गेली, हिरूभाऊंची मिशी गेली, धोंडीकाकांची कोपरं गेली. मला उड्या माराव्याशा वाटल्या पाहिजेत, असं मी स्वतःला दोनदा सांगितलं.

रविवारी सकाळी जिवली झरीला आली. जेवण रद्द झाल्याचं तिला कळलं होतं; देवाला तिने परस्पर मुदत मागून घेतली होती. डोक्यावर तीच निळी पेटी, शुक्रवारी मुंबईहून परत आलेली. या वेळी हॉस्पिटलने दोन पिवळे कागद लावले होते, एक झाकणावर, एक बाजूला, वर चिकटपट्टीचे तीन फेरे. पुष्पाने तिला चहा दिला. अंगणात तांबडी कोंबडी सात पिल्लं घेऊन फिरत होती, सगळी घाणेरडी.

मी ओट्यावरून खाली उतरलो. वारा कुठून येतो ते पाहिलं नाही. खरं तर पाहिलं, पण थांबलो नाही. तिच्यासमोर जाऊन पाटावर बसलो, एका हाताच्या अंतरावर. घसा खाकरला. चौतीस वर्षांत मी सव्वीस जानेवारीची भाषणं केली, निरोपाची केली, एकदा जिल्हाधिकाऱ्यांसमोर केलं. पण हे भाषण मी दोन दिवस पाठ केलं होतं.

"जिवली," मी म्हणालो, "तू मला जे दिलंस ते माझ्या अंगात आहे आणि मीच तुझ्यापासून चार हात लांब राहिलो. तुझ्याशी दोन शब्द बोलायला मला नाक आडवं आलं, आणि त्यापायी तुझं दिलेलं मी घालवत होतो. बर्फ तू मायेने घातलास. दोष माझा. सहा महिने झाले की परातीत पहिला हात मी घालीन. धोंडीकाकांच्या शेजारी बसून. हे मी..." इथे माझा आवाज बसला, आणि पुष्पा दारातून आत गेली, कारण तिला मी रडलेला बघवत नाही, किंवा तिला हसू आलं असेल.

जिवलीने कप खाली ठेवला. डोळे पुसले. मासळीच्या हाताने पुसले, त्यामुळे ते आणखी वाहू लागले.

"दादा, ते सगळा खरा," ती बोलली, आणि पेटी माझ्याकडे सरकवली. "पण उद्या बाजार हाय, आणि काल एकीने पण मासळी घेतली नाय. रक्ताची पेटी बोलतात, ईऽऽ करतात, थुंकतात. व्रण दाखवला तरी घेत नाय. माझ्या हाताला तेल, नख लागत नाय. तुझे हात स्वच्छ हायेत ना? मग हे दोन कागद तेवढे सोडवून दे."